कान वाजतात, मग आलेख कोरा का?

या वेळी निवडलेली पत्रे कर्णनादाविषयी, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात सतत ऐकू येणाऱ्या आवाजाविषयी आहेत. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. ध्वनीला मेंदू देत असलेला प्रतिसाद यंत्राने मोजता येत असेल, तर त्याच यंत्राने कर्णनादाचे निदान आणि मोजमाप का होऊ नये, असे वाचक विचारतात. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५४ आहे. वर्षभरापासून दोन्ही कानांत रातकिड्यांसारखा बारीक आवाज येतो. दिवसा कामाच्या गडबडीत तो जाणवत नाही, पण रात्री निजानीज झाली की असह्य होतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी श्रवणचाचणी केली, ती नॉर्मल आली. नंतर 'बेरा' ही आवाजाला मेंदूने दिलेला प्रतिसाद मोजणारी तपासणी केली, तीही नॉर्मल आली. तेव्हापासून घरातली मंडळी म्हणतात की हे मनाचे खेळ आहेत. आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही हे दाखवणाऱ्या तपासणीत माझा आवाज का दिसला नाही? (नाशिक)

उत्तर : बेरा नॉर्मल आली याचा अर्थ आपल्याला आवाज येत नाही असा मुळीच होत नाही. ही तपासणी तो आवाज शोधण्यासाठी तयार झालेलीच नाही. ती कशी होते हे एकदा नीट पाहिले, की आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच सापडेल.

तपासणीच्या वेळी आपल्या कपाळावर आणि दोन्ही कानांमागच्या हाडावर छोटी इलेक्ट्रोड चिकटवली गेली असतील आणि कानात सेकंदाला दहा-वीस वेळा 'टक्-टक्' असा आवाज ऐकू आला असेल. अशा प्रत्येक टक् आवाजानंतर श्रवणाच्या मज्जातंतूतून आणि मेंदूच्या खालच्या भागातून, म्हणजे ब्रेनस्टेममधून, विजेचे क्षीण स्पंदन पुढे सरकते. आलेखावर ते एकामागून एक येणाऱ्या लहरींच्या रूपात उमटते आणि सारा प्रकार सेकंदाच्या शंभराव्या भागात, म्हणजे १० मिलिसेकंदांत, आटोपतो. तीव्र आवाज दिला असता पहिली लहर साधारण दीड मिलिसेकंदाने येते व ती श्रवणमज्जातंतूची असते. पाचवी लहर साडेपाच ते सहा मिलिसेकंदांच्या सुमारास येते आणि ती ब्रेनस्टेमच्या वरच्या भागातून निघते. या पाचव्या लहरीची उंची जेमतेम अर्धा मायक्रोव्होल्ट असते. मेंदूत अखंड चालू असलेली इतर विद्युत हालचाल मात्र दहा-वीस मायक्रोव्होल्टची किंवा त्याहूनही अधिक असते आणि त्यात मानेच्या व जबड्याच्या स्नायूंचीही भर पडते.

एवढ्या कोलाहलातून अर्धा मायक्रोव्होल्ट वेगळा काढायचा तर सरासरी हा एकच मार्ग उरतो. यंत्र प्रत्येक टक् आवाजाचा नेमका क्षण धरते, त्यापुढच्या १० मिलिसेकंदांची नोंद घेते आणि अशा हजार-दोन हजार नोंदी एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढते. ध्वनीमुळे उमटणारी लहर दर वेळी ठरलेल्या क्षणीच येत असल्याने ती टिकते, तर बाकीची हालचाल कधी वर कधी खाली असल्यामुळे एकमेकींना खोडून काढते. हा उरलेला कोलाहल नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो; १६०० नोंदी घेतल्या तर तो चाळिसाव्या भागावर येतो.

आपल्या प्रश्नाची मेख इथेच आहे. आपल्या कानातल्या आवाजाला सुरुवातीचा क्षण नाही. तो टक् आवाजाच्या आधी असतो, त्याच्याबरोबर असतो आणि नंतरही असतो. त्यामुळे त्याच्याशी निगडित असलेली मेंदूतील जी काही हालचाल असेल, ती या सरासरीत 'कोलाहल' म्हणून पुसली जाते. आडात खडा टाकून पाण्याचा आवाज किती वेळाने येतो हे ऐकले तर पाणी किती खोल आहे ते समजते; आडाच्या तळाशी झरा वाहतो आहे की नाही, ते त्या खड्यावरून समजत नाही. बेरा हा असा खडा आहे.

ही तपासणी मुळात बाहेरच्या आवाजासाठीच घडत गेली. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूच्या विद्युत हालचालीची नोंद १९२९ साली प्रसिद्ध केली. जाग्या माणसाच्या अशा नोंदीत, म्हणजे ईईजीमध्ये, आवाजामुळे होणारा बदल अमेरिकेत पॉलीन डेव्हिस यांनी १९३९ साली दाखवला, तर ब्रेनस्टेमच्या लहरींचे सविस्तर वर्णन ज्युएट आणि विलिस्टन यांनी १९७१ साली केले. बोलून न सांगणाऱ्या तान्ह्या बाळाला ऐकू येते का आणि श्रवणमज्जातंतूच्या वाटेत कुठे अडथळा आहे का, या दोन कामांसाठी ती आजही मोलाची आहे. आपल्याला ती बहुधा दुसऱ्या कारणासाठी सांगितली गेली असावी, आणि तिथे अडथळा नाही ही बातमी चांगलीच आहे.

आता 'मनाच्या खेळा'विषयी. कर्णनादाच्या उगमाबद्दल संशोधकांत मतभेद असले, तरी सध्या बरेच जण असे मानतात की कानाकडून येणारा संदेश कुठेतरी कमी पडला की पुढची श्रवणकेंद्रे ती उणीव भरून काढण्यासाठी आपली संवेदनशीलता वाढवतात आणि त्यांची स्वतःची, एरवी दुर्लक्षित राहणारी हालचालच मग आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. काही कारणाने श्रवणमज्जातंतू कापावा लागलेल्या अनेक रुग्णांचा नाद शस्त्रक्रियेनंतरही तसाच राहतो, हे या विचाराला बळ देणारे निरीक्षण आहे. शिवाय हेलर आणि बर्गमन यांनी १९५३ साली चांगली श्रवणशक्ती असलेल्या ८० प्रौढांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येते ते विचारले, तेव्हा त्यांतील ९४ टक्क्यांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचे सांगितले. रात्री निजानीज झाल्यावर आपला आवाज वाढल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यात आहे.

जगभरच्या पाहण्यांचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा सांगतो की सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव येतो आणि सुमारे २ टक्क्यांना तो तीव्र त्रासाच्या स्वरूपात भोगावा लागतो. वेदना जशी रुग्णाच्या सांगण्यावरून मान्य केली जाते, तसाच कर्णनादही मान्य करायचा असतो. दाढदुखी सांगणाऱ्याकडे आपण आलेख मागत नाही. घरातल्या मंडळींना हे जरूर वाचून दाखवावे.

मोजमाप हवेच असेल तर त्याच्याही पद्धती आहेत. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, वेगवेगळे स्वर ऐकवून आपल्या आवाजाची पट्टी आणि तीव्रता जुळवून पाहू शकतात. गंमत अशी की हा जुळलेला आवाज बहुतेकांच्या बाबतीत ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा १० डेसिबलनेही जास्त नसतो, आणि तरीही त्यापायी झोप उडालेली असते. म्हणूनच आवाज किती मोठा यापेक्षा तो किती त्रास देतो हे मोजणे अधिक उपयोगाचे ठरते. त्यासाठी २५ प्रश्नांची 'टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी' ही प्रश्नावली १९९६ पासून वापरात आहे. प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटल्यास ४, 'कधीकधी' म्हटल्यास २ आणि 'नाही' म्हटल्यास ० असे गुण देऊन शंभरपैकी बेरीज काढली जाते. माझ्या मते पुढच्या भेटीत दुसऱ्यांदा बेरा करण्याऐवजी आपण ही प्रश्नावली मागावी.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर बावीस वर्षे काम केले. दोन्ही कानांत शिट्टी वाजते. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, 'जवळपास नॉर्मल' आहे. इंटरनेटवर वाचले की कर्णनाद असलेल्यांच्या बेरामध्ये पहिली लहर लहान असते आणि त्याला 'लपलेला बहिरेपणा' म्हणतात. माझ्या अहवालात पहिली लहर पाचवीपेक्षा बरीच लहान आहे. मग माझे निदान झाले असे धरू का? भरपाई मागताना हा कागद उपयोगी पडेल का?

उत्तर : आपण वाचलेली माहिती खरी आहे, परंतु ती अर्धी आहे.

मोठ्या आवाजाचा मारा झाल्यावर ऐकणे काही काळ मंदावते आणि मग पूर्ववत होते. तेव्हा कान पूर्ण बरा झाला असेच पूर्वी मानले जाई. कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवर दाखवून दिले की श्रवणपातळी पूर्ववत झाल्यावरही कानाच्या आत ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणाऱ्या दुव्यांपैकी बरेच कायमचे तुटलेले असू शकतात. हळू आवाज ऐकायला उरलेले दुवे पुरतात, म्हणून ऑडिओग्राम नॉर्मल येतो. मोठ्या आवाजाला मात्र कमी मज्जातंतू प्रतिसाद देतात आणि पहिली लहर बुटकी होते. पुढे २०११ साली लंडनमध्ये शेट आणि मॅकअल्पाइन यांनी ऑडिओग्राम नॉर्मल असलेल्या, कर्णनादाचा त्रास असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांची तुलना केली. त्रास असलेल्या गटात पहिली लहर लहान होती, पण पाचवी लहर दोन्ही गटांत सारखीच होती. कानाकडून आलेला संदेश क्षीण असूनही ब्रेनस्टेमपर्यंत जाताजाता तो पूर्ण ताकदीचा झाला होता, म्हणजे वाटेत कुठेतरी त्याला बळ दिले गेले होते. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या संवेदनशीलतेच्या वाढीशी हे इतके सुरेख जुळत होते, की या निबंधाने साऱ्या क्षेत्रात खळबळ उडवली.

त्यानंतर चित्र एवढे सुरेख राहिले नाही. मँचेस्टरमधील संशोधकांनी २०१७ साली वय आणि लिंग जुळवलेल्या तरुण गटांत हीच तुलना केली. कर्णनाद असलेल्यांनी आयुष्यात अधिक गोंगाट सोसला होता हे त्यात दिसले, पण पहिल्या लहरीत फरक सापडला नाही. उलट बॉस्टनमधील गटाने २०२३ साली नॉर्मल ऑडिओग्राम असलेल्या कर्णनादग्रस्तांत श्रवणमज्जातंतूची हानी झाल्याची चिन्हे पुन्हा नोंदवली. वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या अहवालापुरते बोलायचे तर, पहिली लहर पाचवीपेक्षा लहान असणे ही निरोगी माणसातही नेहमी दिसणारी गोष्ट आहे. तिची उंची इलेक्ट्रोड कुठे लावले, ते त्वचेला कितपत नीट चिकटले, टक् आवाज किती तीव्र होता आणि डोक्याचा आकार केवढा आहे यांवर बदलते. स्त्रियांत ती सहसा पुरुषांपेक्षा उंच असते. वय वाढले की ती खाली येते आणि उच्च पट्टीतील श्रवण थोडे जरी कमी झाले असले तरीही खाली येते. वीस-वीस माणसांच्या सरासरीत दिसणारा फरक एका माणसाच्या आलेखात वाचता येत नाही, कारण दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत पुष्कळ मिसळलेले असतात. तेव्हा या लहरीवरून निदान झाले असे धरू नये.

यंत्रमागाच्या शेडमध्ये बावीस वर्षे काढलेल्या माणसाच्या बाबतीत मला पहिल्या लहरीपेक्षा 'जवळपास नॉर्मल' यातील 'जवळपास' हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. गोंगाटाची हानी प्रथम ३००० ते ६००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, विशेषतः ४००० हर्ट्‌झपाशी, खड्ड्यासारखी दिसते. आपला ऑडिओग्राम काढून त्या ठिकाणी रेघ खाली गेली आहे का ते पाहावे. ३००० व ६००० हर्ट्‌झ या जागा तपासल्याच नसतील तर त्या तपासून घ्याव्यात. सोय असेल तिथे ८००० हर्ट्‌झच्या पलीकडची चाचणीही करावी.

भरपाईच्या बाबतीत गोंगाटामुळे आलेला श्रवणदोष हा व्यवसायजन्य आजारांच्या कायदेशीर यादीत आहे, पण तो ऑडिओग्रामवर आणि कामाच्या इतिहासावर ठरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ऐकू येण्याचे मोजमाप डेसिबलमध्येच आहे. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर 'कमी ऐकू येणे' धरले जाते, आणि नुसत्या कर्णनादाला त्या यादीत स्थान नाही. हे अन्यायाचे आहे असे मलाही वाटते, पण बेराचा कागद ही उणीव भरून काढणार नाही. कामाच्या वर्षांचा पुरावा आणि रीतसर आवाजबंद खोलीत केलेले ऑडिओग्राम जपून ठेवावेत. अजूनही शेडमध्ये जाणे होत असेल तर इअरमफ घातल्याशिवाय जाऊ नये.

प्रश्न : माझ्या भावाला एका केंद्राने कर्णनादासाठी 'ब्रेन मॅपिंग' सुचवले आहे. डोक्यावर टोपी घालून मेंदूचा रंगीत नकाशा काढतात आणि त्यावरून आवाज नेमका कुठून येतो ते सांगतात, असे त्यांचे म्हणणे आहे. खर्च बराच आहे. करावे का? (पुणे)

उत्तर : आज कर्णनादाच्या निदानासाठी त्याची गरज नाही, आणि त्यावरून भावाचे उपचार अधिक चांगले ठरतील असा पुरावाही नाही. संशोधन म्हणून मात्र हा विषय फार रंजक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नाद यंत्राने ओळखण्याच्या एका पद्धतीची सुरुवात प्राण्यांपासून झाली, कारण उंदराला 'कान वाजतो का' असे विचारता येत नाही. अचानक मोठा आवाज झाला की प्राणी दचकतो. त्याआधी चालू असलेल्या मंद आवाजात क्षणभर खंड पाडला, तर तो कमी दचकतो. टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अशी कल्पना मांडली की ज्याच्या कानात नाद आहे त्याच्यासाठी तो खंड भरून निघेल आणि दचकणे कमी होणार नाही. पद्धत सोपी असल्याने ती प्रयोगशाळांत झपाट्याने पसरली. माणसांत दचकण्याऐवजी पापणीची उघडझाप किंवा ईईजीतील लहरी मोजता येतात. कॅनडामध्ये फुर्निए आणि एबेर यांनी २०१३ साली पापणीवर हा प्रयोग केला. कर्णनाद असलेल्यांत खंडाचा परिणाम खरोखरच कमी दिसला, पण तो त्यांच्या नादाच्या पट्टीपुरता मर्यादित नव्हता. दूरच्या पट्टीतही तसाच दिसला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने असे दाखवले की कर्णनाद असलेली माणसे आवाजातील असे खंड इतरांइतकेच सहज ओळखतात. नाद खंड भरून काढतो ही मूळ कल्पनाच त्यामुळे डळमळीत झाली. चाचणी काहीतरी मोजते हे निश्चित, फक्त ते 'काहीतरी' म्हणजे कर्णनादच आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

मेंदूच्या वरच्या थरातील प्रतिसादांवरही बरेच काम झाले आहे. आवाजानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी येणारी एन-वन ही लहर, किंवा एकसारख्या स्वरांच्या मालिकेत मध्येच वेगळा स्वर आला की उमटणारा 'मिसमॅच' प्रतिसाद, यांचा त्यासाठी उपयोग करतात. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या गटाने २०१९ साली नादाच्या पट्टीजवळच्या स्वराची तीव्रता मध्येच वाढवून व घटवून पाहिली, तेव्हा कर्णनाद असलेल्यांचे प्रतिसाद इतरांपेक्षा वेगळे आले. पुढील काळात या दिशेकडून मला सर्वांत जास्त अपेक्षा आहे, कारण इथे नादाचे छायाचित्र काढण्याचा अट्टहास नाही. मेंदू पुढच्या क्षणी काय ऐकू येईल असे धरून चालला आहे, हे अप्रत्यक्षपणे विचारले जाते. अडचण अशी की हे प्रतिसाद लक्ष, झोप आणि औषधे यांनी बदलतात. एन-वन तर नुसते आवाजाकडे लक्ष दिल्यानेही वाढते. नादाने बेजार झालेला माणूस आवाजाकडे अधिक लक्ष देणारच. मग वाढलेली लहर नादाची, की लक्ष देण्याची?

मेलबर्नमधील संशोधकांनी २०२० साली प्रकाशकिरणांच्या साह्याने मेंदूतील रक्तातल्या प्राणवायूचे बदल मोजले आणि संगणकाला त्यांवरून माणसे ओळखायला शिकवले. कर्णनाद असलेली आणि नसलेली माणसे त्याला सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखता आली. संशोधनासाठी हा आकडा आशादायक आहे. दवाखान्यासाठी त्याचा अर्थ असा की दर पाच माणसांत एकाबद्दल निर्णय चुकेल, आणि ज्याला 'तुम्हाला काही नाही' असे सांगितले जाईल तो बिचारा रात्रभर शिट्टी ऐकत बसेल. रुग्णाला साधा प्रश्न विचारण्यापेक्षा ज्या यंत्राचे उत्तर अधिक चुकते, त्याच्यावर पैसे का खर्च करावेत?

तेच पैसे भावाच्या संपूर्ण श्रवणचाचणीवर, कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्रावर आणि त्रास अधिक असेल तर कर्णनादासाठीच्या सीबीटी या मानसोपचार पद्धतीवर खर्च करावेत. सीबीटीने आवाज जात नाही, पण त्याचा जाच कमी होतो, आणि उपलब्ध उपायांत तिच्यामागचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टिनच्या गोळ्या निव्वळ कर्णनादासाठी देऊ नयेत, असे उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२० साली स्पष्ट सांगितले आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत ऑडिओलॉजीचे विभाग आहेत. दुसरे मत हवे असल्यास तिथे विचारता येईल.

प्रश्न : फक्त उजव्या कानात आवाज येतो आणि त्या कानाने फोनवर नीट ऐकू येत नाही. बेरा नॉर्मल आहे. आता स्वस्थ बसावे का? (सातारा)

उत्तर : बसू नये. एकाच कानात नाद आणि त्याच कानाने कमी ऐकू येणे, असे दोन्ही असेल तर श्रवणमज्जातंतूवरील गाठ नाही ना याची खात्री करावी लागते. अशी गाठ क्वचितच निघते, सहसा कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते. मात्र एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी बेरामध्ये निसटू शकतात, म्हणून आज एमआरआय हीच भरवशाची तपासणी मानली जाते. ऐकणे अचानक, दोन-तीन दिवसांत कमी झाले असेल, तर हे उत्तर वाचून होताच तज्ज्ञांकडे जावे, कारण त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तरच गुण येण्याची शक्यता अधिक असते. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर 'धप्-धप्' येत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. त्यात रक्तवाहिन्यांची तपासणी करावी लागते, आणि असा आवाज कधीकधी डॉक्टरांनाही स्टेथोस्कोपने ऐकू येतो.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. बेरामध्ये डोक्याला 'करंट' देतात असे कोणीतरी सांगितल्याने त्या नको म्हणतात. तयारी काय करावी? (सोलापूर)

उत्तर : त्यांना सांगावे की या तपासणीत डोक्याला वीज दिली जात नाही, शरीरात असलेली वीज फक्त मोजली जाते. सुई नाही, भूल नाही, उपाशी राहणेही नाही. आदल्या दिवशी केस धुवावेत आणि त्यानंतर तेल अजिबात लावू नये, कपाळाला क्रीमही नको, कारण तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत आणि सगळा आलेख खरखरीत येतो. चिकटवण्यापूर्वी जाडसर जेलने कपाळ व कानामागची जागा घासतात, ते किंचित चुरचुरते. कानातली कर्णफुले काढून न्यावीत. मान आणि जबडा सैल सोडून पडून राहायचे असते. डुलकी लागली तर उत्तमच, कारण झोपेचा या लहरींवर परिणाम होत नाही आणि स्नायू शांत झाल्याने नोंद स्वच्छ येते. सगळे मिळून अर्धा ते एक तास लागतो. टक् आवाज बराच मोठा असू शकतो, म्हणून भांडी आपटल्याचा किंवा हॉर्नचा आवाज त्यांना एरवीच सहन होत नसेल, तर ते तंत्रज्ञांना आधी सांगावे. जुना ऑडिओग्राम आणि चालू औषधांची यादी बरोबर ठेवावी, आणि श्रवणयंत्र वापरत असतील तर तेही न्यावे. तपासणीच्या वेळी ते काढतात, पण सूचना ऐकण्यासाठी लागते.